दोष आढळला नाही

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने लॅपटॉप आणि जॉबशीट काउंटरवरून माझ्याकडे सरकवली, तेव्हा त्या कागदावर तपासणीच्या रकान्यात एवढेच लिहिले होते: ‘नो फॉल्ट फाउंड’. खाली माझ्या सहीसाठी फुली मारून ठेवलेली होती. "आम्ही दिवसभर चालू ठेवला होता मॅडम, एकदाही बंद पडला नाही," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात उद्धटपणा अजिबात नव्हता. पेन पुढे करत त्याने सहज विचारले, "घरी आणखी कोण कोण वापरतं?" मी सही केली, पिशवी खांद्याला लावली आणि बाहेर रणरणत्या उन्हात रिक्षाची वाट पाहत उभी राहिले. त्या लॅपटॉपने माझे काम अडवले होते आणि मजकूर गिळला होता, परंतु त्या सगळ्यापेक्षा तो साधा प्रश्न मला अधिक काळ टोचत राहिला. वस्तू नवी आहे, तपासणीत ती निर्दोष ठरली आहे, तेव्हा दोष वापरणाऱ्यांपैकीच कोणात तरी असणार, असे त्याला सुचवायचे होते. आणि ते इतक्या सौजन्याने सुचवले होते की त्यावर चिडण्याचीही सोय नव्हती.

मी घरी बसून पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी करते. अकोल्यात या कामाला वर्षभर उसंत नसते. लग्नपत्रिकांचा हंगाम ओसरतो न ओसरतो तोच शाळांच्या सराव-पुस्तिका येतात आणि त्या हातावेगळ्या होईपर्यंत दिवाळी अंकांचा मजकूर दारात उभा असतो. जुना लॅपटॉप पान उलटायलाही वेळ घेऊ लागला, म्हणून हा नवा घेतला. तो पातळ आणि राखाडी होता, आणि झाकण उघडले की नव्या प्लॅस्टिकचा तो किंचित गोडसर वास यायचा. सुरुवातीला त्याने काहीच तक्रार दिली नाही. मग एका दुपारी मी एका प्रकरणाची पाने लावत असताना बाण जागच्या जागी थिजला. मंद आवाजात गाणे लावलेले होते, त्यातला एकच सूर अडकून घुरघुरत राहिला आणि क्षणभराने सगळा पडदा निळा झाला. त्यावर तो पडलेल्या चेहऱ्याचा आकार, खाली चौकोनी क्यूआर कोड आणि शून्यापासून सावकाश वर चढणारी टक्केवारी. विंडोजच्या या पडद्यावर तो रडका चेहरा २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत आला आणि २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो काढून टाकून सगळा पडदाच काळा केला. माझ्या वाट्याला निळाच आला होता. टक्केवारी शंभरावर पोहोचली, यंत्र आपोआप पुन्हा सुरू झाले आणि जणू काही घडलेच नाही अशा थाटात त्याने मला पासवर्ड विचारला.

नव्या वस्तूचे दुखणे सांगितले की प्रत्येकाकडे औषध तयार असते. छापखान्याच्या मालकांनी फॉरमॅट मारायला सांगितले. शेजारच्यांनी अँटिव्हायरसवर संशय घेतला. गादीवर ठेवून वापरतेस का, असे तर घरच्यांनीच विचारले. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत असलेल्या माझ्या भाच्याने मात्र फोनवर एकच गोष्ट निक्षून सांगितली: "मावशी, सगळं एकदम करू नकोस. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि थांब. पुन्हा बंद पडला की मग दुसरी." हे ऐकायला सोपे असले तरी पाळायला अतिशय कठीण आहे, कारण हाताखाली काम अडलेले असताना माणसाला उत्तर नको असते, सुटका हवी असते. चार उपाय एकाच रात्री करून पाहिले आणि यंत्र सुरळीत चालू लागले, तर कोणत्या उपायाने चालू लागले हे कधीच कळत नाही. आणि पुन्हा बंद पडले, तर आपण मुळापासून अनभिज्ञच राहतो. म्हणून मी एक वही घातली. बंद पडल्याची वेळ, त्या वेळी काय काय उघडे होते, चार्जर लावलेला होता की नव्हता आणि नुकतेच काय बदलले होते, एवढे त्यात लिहू लागले. आधी ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा घातला. मग विंडोजच्या मूळ फायली तपासणारी ‘एसएफसी स्कॅननाऊ’ ही आज्ञा चालवली; तिने सगळे ठीक असल्याचा निर्वाळा दिला. यंत्र सुरू करणारी मूळ आज्ञावली, म्हणजे बायोस, अद्ययावत करताना तर माझा जीव मुठीत होता, कारण तेवढ्यात हा बंद पडला असता तर मदरबोर्डच कायमचा निकामी होण्याची भीती होती. ते काम मी मुद्दाम पहाटे उरकले. विंडोजमध्ये ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ नावाचा एक आलेख दडलेला असतो, तो यंत्राच्या स्थैर्याला १ ते १० यांमध्ये गुण देतो आणि ज्या दिवशी काही बिघडले त्या दिवसावर तांबडी फुली मारतो. माझ्या नव्या लॅपटॉपची रेघ जिन्यावरून उतरावी तशी खाली येत होती. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये पाहावे तर तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद, जिचा अर्थ इतकाच की यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले. हे मला ठाऊक होतेच. मी त्याच्यासमोरच बसले होते.

या सगळ्या उठाठेवीत मला सारखा आठवत होता तो आमचा पहिला संगणक. तो कंपनीचा नव्हता; नागपूरला सीताबर्डीवर सुटे भाग घेऊन जोडून आणलेला होता. त्याला व्याधी होत्या, पण त्या आम्हांला तोंडपाठ होत्या. सुरू करताना त्याने लांब शिट्ट्या मारल्या की रॅमची पट्टी हलली आहे हे घरातल्या लहान मुलालाही कळत असे. मग कॅबिनेटचे झाकण काढायचे, पट्टीच्या दोन्ही टोकांच्या पांढऱ्या खिट्ट्या बाहेर दाबायच्या, पट्टी उचलून तिच्या कडेची सोनेरी दातेरी किनार शाळेच्या खोडरबराने हलकेच घासायची, रबराचा भुगा फुंकून टाकायचा आणि ती ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत खाचेत पुन्हा बसवायची. त्या आवाजावर आमचा विश्वास होता. उन्हाळ्यात तर झाकण लावतच नसू. उघड्या कॅबिनेटसमोर टेबल फॅन ठेवलेला असे आणि भारनियमनाच्या वेळी यूपीएस ओरडू लागला की जे उघडे असेल ते जपून ठेवायला सगळे धावत. ते दिवस सुखाचे होते असे मी म्हणणार नाही. त्या संगणकानेही कितीतरी वेळा रडवले. परंतु त्याचे पोट उघडून पाहता येत होते. या नव्या लॅपटॉपच्या तळाशी बारीक स्क्रू आहेत आणि एका स्क्रूवर कागदी सील आहे. ते फाटले तर वॉरंटीवरून वाद. रॅमची निराळी पट्टीही नाही; ती मदरबोर्डवरच सोल्डर केलेली आहे. खोडरबर हाताशी असून घासायला काही नाही.

निळ्या पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत एक कारण छापलेले असते. ते मी दर वेळी मोबाइलवर टिपून भाच्याला पाठवत असे. पहिल्यांदा होते ‘मेमरी मॅनेजमेंट’. नंतर ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल’. मग ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’. एकदा तर सुरक्षेच्या तपासणीत काही चुकल्याचे सांगणारे भलतेच काही. विंडोज कोसळताना ‘मिनिडम्प’ नावाच्या फोल्डरमध्ये त्या क्षणाचा छोटासा पंचनामा ठेवून जाते. भाच्याने त्या फायली मागवून घेतल्या आणि त्याच्याकडच्या विश्लेषकातून काढल्या. दर वेळी निराळ्याच फायलीचे नाव पुढे आले: कधी वायफायचा ड्रायव्हर, कधी ग्राफिक्सचा, कधी खुद्द विंडोजचा गाभा. मला वाटले, हा तर सगळाच सडलेला दिसतो. तो मात्र पहिल्यांदाच उत्साहाने बोलला. आरोपी दर वेळी तोच निघाला असता तर तो खरोखर आरोपी असण्याची शक्यता होती, असे त्याचे म्हणणे. दर वेळी नवाच माणूस गुन्ह्याच्या जागी सापडत असेल, तर जागेतच काहीतरी खोट आहे. ती जागा म्हणजे मेमरी, अर्थात रॅम.

पण हे आम्ही दोघे फोनवर बोलत होतो. जॉबशीटवर लिहिले होते ते निराळेच.

अमेरिकेत व्हर्जिनियातील लिंचबर्ग कॉलेजात थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करण्याचे काम त्यांनी अनेक संगणकांवर लावलेले होते आणि मार्च १९९४ मध्ये त्यांत इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरचा एक नवा संगणक जोडला. जूनमध्ये उत्तरे जुळेनात. नाइसलींनी आधी स्वतःच्या आज्ञावलीवर संशय घेतला, मग ती भाषांतरित करणाऱ्या कंपायलरवर, मग संगणकाच्या इतर भागांवर. एकेक शक्यता खोडत ऑक्टोबरपर्यंत ते या निष्कर्षाला आले की इंटेलचा प्रोसेसरच काही भागाकार चुकीचे करतो. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागल्यावर १.३३३८२ यायला हवे, तिथे तो १.३३३७३ देत असे. एवढे सगळे सिद्ध झाल्यावरही कंपनीची पहिली भूमिका अशी होती की ज्यांना या चुकीचा प्रत्यक्ष फटका बसतो असे दाखवता येईल त्यांनाच प्रोसेसर बदलून मिळेल. लोक खवळले तेव्हा त्या वर्षीच्या २० डिसेंबरला, मागेल त्याला बदलून देण्याची घोषणा झाली आणि त्यापोटी कंपनीने ४७.५ कोटी डॉलरची तरतूद केली. मला या हकिकतीतला पैशांचा आकडा फारसा भावत नाही. जून ते ऑक्टोबर हे महिने मात्र मी अनेकदा मनाशी घोळवले आहेत. नव्या कोऱ्या यंत्राने चुकीचे उत्तर दिले आणि गणिताच्या प्राध्यापकाने इतके महिने स्वतःलाच तपासले. यात त्यांचा सचोटीचा स्वभाव आहे हे खरेच. पण नव्या वस्तूचा आपल्या सगळ्यांवर किती वचक असतो तेही त्यात आहे.

माझी खरी धास्ती निळ्या पडद्याची नव्हती. यंत्र कोसळते तेव्हा ते निदान आपण कोसळलो असे सांगते. मेमरीत दोष असेल तर तो नेहमीच कोसळण्याच्या रूपाने बाहेर येईल असे नाही. एखादा बिट, म्हणजे शून्य किंवा एक एवढेच धरणारे मेमरीतले घर, गुपचूप उलटून जाईल आणि काम चालूच राहील. बेल्जियममध्ये १८ मे २००३ च्या निवडणुकीत ब्रुसेल्सजवळच्या स्कारबेक येथे एका उमेदवाराला शक्य होती त्यापेक्षा अधिक मते पडलेली दिसली. फेरमोजणीत जास्तीची मते नेमकी ४०९६ निघाली, म्हणजे दोनाचा बारावा घात. आज्ञावलीत दोष सापडला नाही आणि मेमरीतला एक बिट आपोआप उलटला असावा, या निष्कर्षावर तज्ज्ञ थांबले. तिथे आकडा अशक्य कोटीतला होता म्हणून लक्षात आले. माझ्या कामात काय होईल? संगणक प्रत्येक अक्षर ज्या क्रमांकाने ओळखतो त्या युनिकोडच्या तक्त्यात देवनागरी अक्षरांचे क्रमांक पाहिले आणि मी हादरले. ‘द’चा क्रमांक ०९२६ आहे आणि ‘ध’चा ०९२७, म्हणजे शेवटचा एक बिट उलटला की ‘द’चा ‘ध’ होतो. ‘त’चा ‘थ’, ‘प’चा ‘फ’, ‘ब’चा ‘भ’ही तसाच. ‘दार’चे ‘धार’ होईल, ‘पार’चे ‘फार’ होईल, आणि शब्द शुद्ध असल्याने स्पेलचेकरही हूं की चूं करणार नाही. ही तर अगदी आमच्या व्यवसायातली चूक. टंकलेखकाच्या बोटाने आजवर हजारदा केलेली. त्या आठवड्यांत एका आत्मचरित्राची मुद्रिते माझ्याकडे होती आणि एखादा महाप्राण चुकीच्या जागी दिसला की माझा हात थबकत असे: ही लेखकाची चूक, माझी, की याची? त्यातली एकही चूक यंत्राच्या माथी मारता येईल असा पुरावा मला कधीच मिळाला नाही. तरीही ते सगळे पुस्तक मी मूळ हस्तलिखिताशी पुन्हा ओळीन्‌ओळ ताडून पाहिले, आणि त्या जादा श्रमांचे बिल कोणाच्या नावाने फाडावे हे मला आजही समजलेले नाही.

वही मात्र आपले काम करत होती. पाने उलटता उलटता दिसू लागले की सकाळच्या नोंदी जवळजवळ नाहीतच. जे काही होते ते दुपारच्या टळटळीत वेळात, आणि तेही मोठ्या चित्रांची पाने उघडी असताना. टिळक रोडजवळच्या एका बोळात संगणक दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना मी ती वही दाखवली. सील पाहून त्यांनी लॅपटॉपला हात लावायला नकार दिला, पण वही शेवटपर्यंत वाचली. "सकाळी चालते अन् दुपारी बसते ना ताई? मंग मेमरीच पाहा. तापली की उघडी पडते," एवढे बोलून ते पुन्हा हातातल्या प्रिंटरकडे वळले. त्यांच्या त्या एका वाक्यात पुष्कळ विज्ञान होते. आज सगळीकडे वापरली जाणारी मेमरी ज्या रचनेवर उभी आहे तिचे पेटंट आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये मिळाले: प्रत्येक बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि विद्युतभार धरून ठेवणारा एक इवलासा कपॅसिटर. हा कपॅसिटर मातीच्या माठासारखा सतत पाझरत असतो, म्हणून तो रिकामा होण्याआधी पुन्हा भरावा लागतो. डीडीआर४ प्रकारच्या मेमरीत ही भरणी दर ६४ मिलिसेकंदांनी होते आणि चिपचे तापमान ८५ अंशांच्या वर गेले तर ३२ मिलिसेकंदांनी, कारण उष्णता वाढली की पाझरही वाढतो. हजारो कोटी माठांपैकी एखाद्याची माती कच्ची निघाली, तर गारव्यात तो वेळ निभावून नेतो आणि तापल्यावर पुढच्या खेपेआधीच कोरडा पडतो. सर्व्हिस सेंटरचा तो हॉल मला एकदम आठवला. तिथे वातानुकूलन इतके होते की खांद्यावरचा पदर सावरून घ्यावा लागला होता. त्या गारव्यात, कोणतेही काम न देता, माझा लॅपटॉप दिवसभर शहाण्यासारखा बसून राहिला होता आणि त्या मुलाने जे पाहिले तेच प्रामाणिकपणे लिहिले होते.

विमानांच्या देखभालीत हा पेच जुना आहे. वैमानिक तक्रार नोंदवतो, भाग काढून कार्यशाळेत नेतात, तिथल्या टेबलावर तो व्यवस्थित चालतो आणि त्याच्यावर हेच तीन शब्द लिहून तो परत येतो. आकाशातली थंडी, हादरे आणि हवेचा दाब टेबलावर नसतो. विमान कंपन्यांच्या बाबतीत निदान दोन्ही बाजूंना अभियंते असतात. माझ्या बाजूला एक वही होती.

तेव्हा आता पुरावा जमवणे आले. मेमटेस्ट८६+ नावाची एक विनामूल्य चाचणी असते. ती पेनड्राइव्हवरून सुरू होते, विंडोजला जागेच होऊ देत नाही आणि मेमरीच्या प्रत्येक घरात ठरावीक नमुने लिहून ते तसेच परत येतात की नाही हे तपासत बसते. रात्री लावली तेव्हा तिने सगळे उत्तीर्ण दाखवले. मग भर दुपारी लावायचे ठरवले. त्यात एक अडचण होती: बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ३५ अंशांपर्यंतच वापरा असे छापलेले असते, आणि आमच्याकडे मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ ओलांडतो. कंपनीने उद्या उन्हाकडे बोट दाखवू नये म्हणून मी कूलरमध्ये पाणी भरून तो चालू ठेवला आणि भिंतीवरचे थर्मामीटर काढून लॅपटॉपच्या शेजारी, फोटोत येईल असे उभे केले. ते ३१ दाखवत होते. वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा वास, कूलरची घरघर आणि पडद्यावर एकामागून एक सरकणारे आकडे. मी समोर खुर्ची टाकून बसले. आणि मला जाणवले की मी त्याच्या बंद पडण्याची आस लावून बसले आहे. ज्याच्यासाठी साठवलेले पैसे घातले, ती वस्तू सदोष निघावी अशी माझी मनापासून इच्छा होती. पहिली फेरी निर्दोष गेली तेव्हा मी चक्क हिरमुसले. दुसरी अर्ध्यावर असताना चहा करायला उठण्याचेही धाडस होईना. मग त्रुटींच्या रकान्यातला शून्य बदलला. खाली एक ओळ उमटली, पाठोपाठ दुसरी: पत्ता, अपेक्षित काय होते, सापडले काय. अपेक्षित जागी सगळे शून्य आणि सापडलेल्यात एका शून्याच्या ठिकाणी १. पत्ते जवळपासचे, चुकणारा बिट दर वेळी तोच. मी इतक्या जोरात "आला!" म्हणाले की घरातले धावत आले, आणि पडद्यावर काय आनंदाचे आहे हे त्यांना समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली.

१९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एकाच वेळी निळे पडले होते. विमानतळांवर रांगा लागल्या आणि आपल्याकडे प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कितीतरी लोकांनी त्यांचे फोटो हौसेने जपून ठेवले. त्या दिवशी कोणी कोणाला विचारले नाही की घरी आणखी कोण कोण वापरतं. सगळ्यांचे एकदम बिघडले तर ती बातमी होते आणि एकट्याचे अधूनमधून बिघडले तर तो त्याचा स्वभाव ठरतो. कायद्याने याचा थोडा विचार केलेला आहे: ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूतला दोष चाचणीवाचून ठरवता येत नसेल तर आयोग ती वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो आणि प्रयोगशाळेने ४५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. मी ते वाचून ठेवले होते. परंतु ती प्रयोगशाळाही बहुधा वातानुकूलित असेल, या विचाराने मी त्या वाटेला जाण्याआधी फोटो, वहीच्या पानांच्या प्रती आणि थर्मामीटर असे सगळे घेऊन पुन्हा त्याच काउंटरवर गेले.

या खेपेस एक वयाने मोठे तंत्रज्ञ आतून बाहेर आले. त्यांनी पहिल्या फोटोतली पत्त्यांची ओळ पाहिली आणि वाद न घालता "बोर्ड बदलावा लागेल" असे सांगून टाकले. रॅम बोर्डावरच असल्यामुळे एका कच्च्या बिटापायी प्रोसेसरासकट सगळा मदरबोर्ड जाणार होता. मला हायसे वाटले आणि थोडे अपमानास्पदही. एवढे दिवस मी जे सांगत होते ते शब्दांत सांगत होते. तेच आकड्यांत दाखवल्याबरोबर खरे ठरले. तो काउंटरवरचा मुलगा बाजूलाच दुसऱ्या कोणाची तरी जॉबशीट भरत होता. त्याच्यावर राग धरावा असे मला आता वाटत नव्हते. त्याच्या फॉर्ममध्ये ‘केव्हा बंद पडतो’ आणि ‘किती उकडत असते तेव्हा’ असे रकानेच नव्हते.

नवा बोर्ड बसून लॅपटॉप घरी आला. झाकण तेच, कळफलकावर सांडलेल्या हळदीचा माझाच पिवळा डाग तोच, आणि तळावरचा अनुक्रमांकही तोच. सुरू केला तर पुन्हा निळा पडदा! क्षणभर पोटात गोळा आला. पण हा पडदा बिटलॉकरचा होता. डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद होता, त्या कुलपाची खूण जुन्या बोर्डावर राहिली होती आणि नव्या बोर्डाला मी कोण हे ठाऊक नव्हते. मालकी सिद्ध करण्यासाठी तो ४८ आकडी रिकव्हरी की मागत होता. ती माझ्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपून ठेवलेली होती. मी भाच्याला फोन लावला, त्याने खाते उघडून सहा-सहा आकड्यांचे आठ गट एकेक करून वाचून दाखवले आणि मी ते दाबत गेले. एका गटात मी ३ च्या जागी ८ दाबला, तर त्याने तिथल्या तिथे अडवले. त्यामागची युक्ती भाच्याने सांगितली ती मला फार आवडली: प्रत्येक गट ११ ने भाग जाईल असाच बनवलेला असतो, म्हणून एखादा आकडा चुकला की भागाकार फसतो आणि चूक त्याच गटात पकडली जाते. मनात आले, मराठी शब्दांनाही अशी काही सोय असती तर निम्मी मुद्रिते वाचावी लागली नसती. "की नसती तर काय झालं असतं रे?" मी विचारले. "काही नाही. डिस्क पुसायची आणि पहिल्यापासून सुरू करायचं," तो म्हणाला. म्हणजे आधी लॅपटॉप खोटा आहे हे मी सिद्ध करायचे आणि तो खरा झाला की मी खरी आहे हेही मीच सिद्ध करायचे.

आता तो नीट चालतो आहे. त्यावरच हा मजकूर लिहिते आहे, आणि दर दोन ओळींनी डाव्या हाताची बोटे आपसूक कंट्रोल आणि एसवर जातात. वस्तूंच्या टिकाऊपणाचा अभ्यास करणारे अभियंते एक वक्ररेषा काढतात. ती बाथटबच्या आकाराची असते. बिघाड सुरुवातीच्या काळात सर्वांत जास्त, मग बराच काळ अगदी थोडे, आणि म्हातारपणी पुन्हा वाढते. कारखान्यात कच्चा राहिलेला माल पहिल्या काही आठवड्यांतच उघडा पडतो, म्हणून ज्यांना चुकून चालणार नाही ते आपली यंत्रे गिऱ्हाइकाला देण्याआधी तापवून, राबवून पाहतात. स्वस्त लॅपटॉपच्या बाबतीत हे राबवून पाहण्याचे काम गिऱ्हाइकावर आले आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. शिवाय विकत घेतल्यावर परत करण्याची मुदत मोजक्या दिवसांची असते. हिवाळ्यात घेतलेल्या यंत्राची खोड आमच्याकडे उन्हाळ्यात कळते.

शेजारच्या मुलीला यंदा इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला आणि तिच्यासाठी नवा लॅपटॉप आला. पेढे द्यायला ते सगळे आले तेव्हा मी म्हटले, एक दुपार तो माझ्याकडे ठेवून जा. तिचे वडील जरा नाराज दिसले. नव्या कोऱ्या वस्तूवर पहिल्याच दिवशी संशय घ्यावा, हे त्यांना बरे वाटले नाही; अजून तर पूजाही व्हायची होती. "काकू, करा तुम्ही, बाबांचं काय ऐकता!" म्हणून मुलीनेच तो माझ्या टेबलावर ठेवला. पेनड्राइव्ह तयारच होता. कूलर मी त्या दिवशी लावला नाही. संध्याकाळी ते न्यायला आले तेव्हा चौथी फेरी चालू होती आणि त्रुटींच्या रकान्यात शून्य होता. वडिलांनी तो शून्य पाहिला, लॅपटॉपच्या गरम झालेल्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारले, "म्हणजे चांगला निघाला ना?" मी म्हटले, "आज दुपारपुरता तरी काही सापडलं नाही." हे उत्तर त्यांना मुळीच आवडले नाही. बिल आणि वॉरंटी कार्ड नीट ठेवा, असे मी सांगेपर्यंत ते लॅपटॉप घेऊन जिना उतरू लागले होते.